हार्डनेस ३० आहे, तरी शाफ्ट तुटतो: दर सीझनच्या तक्रारीचा उलगडा

गाळप सुरू झालं की महिना-दीड महिन्यात फोन सुरू होतात. "साहेब, हार्डनेस बरोबर आहे, रिपोर्ट हातात आहे, मग तुटला कसा?" कुपवाड, मिरज, इस्लामपूरकडच्या वर्कशॉपमधून तुटके तुकडे येतात. ऊस कॅरिअरचा शाफ्ट, गिअरबॉक्सचा पिनियन शाफ्ट, ट्रॉलीचा अ‍ॅक्सल, एखाद्या गुऱ्हाळाच्या चरकाचा शाफ्ट. मटेरियल ईएन १९ किंवा ईएन २४ (दोन्ही मिश्र पोलादं), ड्रॉइंगवर '२८ ते ३२ एचआरसी' (रॉकवेल सी मापावरची हार्डनेस), आणि हीट ट्रीटरच्या, म्हणजे भट्टीवाल्याच्या, रिपोर्टवर नेमका ३०. शाफ्टवाला म्हणतो भट्टीवाल्याची चूक, भट्टीवाला म्हणतो मटेरियल बोगस, मटेरियलवाला टीसी (टेस्ट सर्टिफिकेट) पुढे करतो. तिघांचे कागद बरोबर असतात आणि शाफ्टचे दोन तुकडे मधे पडलेले असतात.

हार्डनेसच कमी-जास्त येत असेल तर ते दुखणं वेगळं आणि त्या मानाने सोपं आहे. इथे फक्त नंबर बरोबर असूनही तुटणाऱ्या मालाबद्दल बोलू. माझं म्हणणं एवढंच: ३० एचआरसीला पोचायच्या वाटा अनेक आहेत आणि त्यातल्या एक-दोनच शाफ्टच्या कामाच्या. कुठल्या वाटेने आला ते मशीनवरचा आकडा सांगत नाही. त्यासाठी आणखी तीन गोष्टी विचाराव्या लागतात: हार्डनिंगनंतर (तापवून तेलात विझवल्यावर), म्हणजे टेंपर (चिवटपणा यावा म्हणून परत तापवणं) करण्याआधी, हार्डनेस किती होता, टेंपर किती तापमानाला केला, आणि टेंपर झाल्यावर माल थंड कसा केला. तिसरा प्रश्न जवळजवळ कुणीच विचारत नाही.

आधी तुटलेलं तोंड बघा

तुटल्या तुटल्या दोन्ही तुकडे एकमेकांना लावून बघायचा मोह सगळ्यांना होतो. तो आवरा. तोंडावरच्या बारीक खुणा घासून जातात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला काही उरत नाही. वायर ब्रश नको, गॅस कटिंग तर नकोच. कोरडं करा, पातळ तेलाचा हात फिरवा, प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि तसंच आणा. दोन्ही तुकडे आणा. एकच आणणारे बरेच असतात, कारण दुसरा भंगारात गेलेला असतो.

तोंडावर एकात एक अशा अर्धगोल रेघा दिसल्या, त्या सगळ्या एका कोपऱ्यापासून निघालेल्या असल्या आणि शेवटचा थोडाच भाग खडबडीत असला, तर शाफ्ट एका दिवसात तुटलेला नाही. तडा हळूहळू पुढे सरकत गेला आहे. हा फटीग. अशा वेळी रेघा जिथून सुरू होतात ती जागा बघायची. की-वेचा (चावी बसवायच्या खाचेचा) कोपरा टोकदार आहे का? दोन व्यासांच्या पायरीवर रेडियस दिला आहे की टूल सरळ काटकोनात थांबवलं आहे? तिथे पंचाने मारलेला नंबर आहे का? असं काही सापडलं तर भट्टीवाल्याला फोन करू नका, ड्रॉइंग आणि लेथवाल्याकडे बघा. काटकोनी पायरीवर उत्तम क्यूटी (हार्डन-टेंपर) केलेलं ईएन २४ सुद्धा तुटतं.

ऊसपट्ट्यात आणखी एक प्रकार फार आहे, त्यावर जरा थांबतो. बेअरिंगची सीट झिजली की वेल्डिंगने भरून परत टर्निंग करायची. एमएसच्या (साध्या माइल्ड स्टीलच्या) शाफ्टला हे चालून जातं. ईएन २४ मध्ये कार्बन ०.४ टक्क्याच्या आसपास, वर निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम. थंड शाफ्टवर रॉड लावला की वेल्डच्या कडेचा पट्टा लाल होऊन आतल्या थंड धातूमुळे काही सेकंदांत विझतो, म्हणजे तिथे आपोआप हार्डनिंग होतं आणि टेंपर मात्र होत नाही. पन्नासच्या वर एचआरसीची, काचेच्या जातीची एक कडी शाफ्टभोवती तयार होते. त्यात ओलसर रॉडमधला हायड्रोजन शिरला तर तडा त्याच दिवशी दिसेल असंही नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघडतो. भरायचंच असेल तर शाफ्ट ३०० अंशांच्या आसपास आधी तापवा, रॉड भट्टीत वाळवून घ्या, वेल्ड झाल्यावर न जळणाऱ्या कापडात किंवा चुन्यात सावकाश थंड होऊ द्या आणि जमलं तर परत टेंपर करा. सीझनच्या रात्री दोन वाजता हे कुणी करत नाही, हेही मला ठाऊक आहे.

रेघा नाहीत, वेल्ड नाही, शाफ्ट वाकलेलाही नाही, आणि सगळं तोंड साखरेच्या कणांसारखं चमकणारं, दाणेदार, काठाला ओठ नसलेलं असेल, तर मात्र पुढचं वाचा.

त्या ३० च्या आत काय काय असू शकतं

ईएन २४ साधारण ८३० ते ८५० अंशांना तापवलं की आतली रचना बदलते. खोलीच्या तापमानाची रचना, फेराइट, जवळजवळ कार्बन पोटात घेतच नाही. ७२७ अंशांनाही त्याची मर्यादा ०.०२ टक्क्याच्या आसपास. वर तयार होणारं ऑस्टेनाइट मात्र ०.४ टक्के कार्बन सहज विरघळवून घेतं. आता तेलात टाकून झपाट्याने थंड केलं तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो, स्फटिकाची जाळी ताणली जाते आणि मार्टेन्साइट तयार होतं. ०.४ टक्के कार्बनवाल्या पोलादात पूर्ण मार्टेन्साइटची हार्डनेस ५५ एचआरसीच्या पुढे जाते. कडक, पण ठिसूळ. लोहार कुऱ्हाडीला पाणी देतो तेव्हा हेच करतो, आणि नंतर धारेवरचा रंग बघत पाणी उतरवतो, तो झाला टेंपर. टेंपरमध्ये अडकलेला कार्बन अतिशय बारीक कार्बाइडच्या कणांच्या रूपात सगळीकडे सारखा बाहेर पडतो. जाळीचा ताण जातो, हार्डनेस उतरते, चिवटपणा येतो. या टेंपर्ड मार्टेन्साइटसाठी आपण मिश्र पोलादाचे जास्तीचे पैसे मोजतो.

थंड व्हायचा वेग कमी पडला तर कार्बनला वेळ मिळतो. मग काही भागात फेराइट आणि पर्लाइट (मऊ रचना), काही भागात बेनाइट (मधल्या जातीची), उरलेल्यात मार्टेन्साइट असा खिचडी प्रकार होतो. अमेरिकेत डॅव्हनपोर्ट आणि बेन यांनी १९३० मध्ये ठरावीक तापमानाला किती सेकंदांनी काय तयार होतं याचे आलेख मांडले, तेव्हापासून हे कोष्टकात वाचता येतं. क्रोमियम, मॉलिब्डेनम, निकेल, मँगनीज घातले की फेराइट-पर्लाइट सुरू व्हायची वेळ लांबते. इथे एक गैरसमज बहुतेक वर्कशॉपमध्ये आहे: 'अलॉय जास्त म्हणजे हार्डनेस जास्त.' तसं नाही. पूर्ण मार्टेन्साइटची हार्डनेस जवळपास कार्बनच ठरवतो. ईएन ८ (साधं कार्बन स्टील) मध्येही कार्बन ०.४ च्या आसपासच असतो आणि त्याचा पातळ तुकडा पाण्यात टाकला तर तोही पंचावन्नला जातो. मिश्रधातूंनी फरक पडतो तो खोलीत. ईएन ८ च्या जाड बारमध्ये काही मिलिमीटर आत गेलं की मार्टेन्साइट संपतं, ईएन १९ मध्ये ते बरंच आत जातं, आणि ईएन २४ मध्ये तर जाड शाफ्टच्या मध्यापर्यंत पोचू शकतं. जॉमिनी टेस्टमध्ये २५ मिलिमीटर व्यासाचा बार तापवून एका टोकावर पाण्याचा फवारा मारतात आणि टोकापासून हार्डनेस मोजत जातात, ती हेच दाखवायला. सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेल्या कुणालाही विचारा, लॅबमध्ये हा प्रयोग केलेला असतो आणि नोकरी लागल्यावर विसरलेला असतो.

हार्डनेसवरून ताणाची ताकद बऱ्यापैकी कळते. ३० एचआरसी म्हणजे सुमारे २८५ ब्रिनेल, आणि ब्रिनेलला ३.४५ ने गुणलं की साधारण मेगापास्कल मिळतात, म्हणजे ९८० च्या आसपास. हे गणित टेंपर्ड मार्टेन्साइटलाही लागू आणि खिचडीलाही लागू. पण यील्ड, म्हणजे शाफ्ट कायमचा वाकायला सुरुवात होते तो ताण, दोन्हींत सारखा नसतो. टेंपर्ड मार्टेन्साइटमध्ये यील्ड अंतिम ताकदीच्या ८५-९० टक्क्यांपर्यंत असतो, फेराइट मिसळलेल्या रचनेत बराच खाली येतो. फटीग आणि धक्का सोसायची ताकद तर त्याहून जास्त घसरते. उसाच्या मोळीबरोबर दगड किंवा ट्रॉलीचा पिन आत आला की शाफ्टला बसतो तो धक्का असतो. त्याची परीक्षा चार्पीच्या (हातोड्याच्या एका धक्क्यात तोडायच्या) नमुन्यावर होते, १० बाय १० चा, ५५ लांबीचा, मधे २ मिलिमीटरची व्ही खाच. रॉकवेलवर ती कळत नाही.

पहिला संशयित: अर्धवट हार्डनिंग, आणि टेंपर कमी करून जुळवलेला आकडा

रिपोर्टवरचे दोन आकडे एकमेकांशी पटतात का, हे घरबसल्या तपासता येतं. पूर्ण हार्डन झालेलं ईएन २४ साडेपाचशेच्या थोडं खाली, ५४० अंशांना टेंपर केलं तर चाळिशीच्या आसपास एचआरसी राहतं. तिशीला यायला ६५० च्या जवळ जावं लागतं. ईएन १९ चं ५४० ला ३५ च्या आगेमागे आणि ६५० ला २८ च्या आसपास. (हे ढोबळ आहे. वेळ आणि बारची केमिस्ट्री याने दोन-तीन पॉइंट इकडेतिकडे होतात.) आता तुमच्या रिपोर्टवर 'ईएन २४, टेंपर ५४०, हार्डनेस ३०' असं असेल तर हिशेब जुळत नाही. एकतर ते ईएन २४ नाही, किंवा हार्डनिंगमध्ये ते पंचावन्नला पोचलंच नव्हतं. तेलातून बाहेर काढलं तेव्हा बेचाळीस-त्रेचाळीस भरलं असणार. भट्टीवाल्याने बघितलं की ६५० ला नेलं तर पंचविशीत जाईल, म्हणून त्याने टेंपर खाली आणला आणि नंबर गाठला. लबाडीच असते असंही नाही. त्याच्या हातात ड्रॉइंगवरचा एकच आकडा असतो आणि तो त्याने दिला.

अर्धवट राहण्याची कारणं बहुतेक तेलाच्या टाकीपाशी सापडतात. चार्जच्या (एका वेळी भट्टीत भरलेल्या मालाच्या) प्रत्येक किलोमागे ८ ते १० लिटर तेल असावं, असा जुना आडाखा आहे. ऑर्डर वाढली, टाकी तीच राहिली. तेल ५० ते ८० अंशांच्या दरम्यान असावं. एप्रिल-मे मध्ये सांगलीत बाहेर चाळीस अंश असताना कूलर नसलेली टाकी दुपारच्या तिसऱ्या चार्जला या मर्यादेबाहेर गेलेली असते, आणि जानेवारीच्या पहाटे पहिल्या चार्जला तेल इतकं दाट की माल भोवती वाफेचं आवरण घेऊन तसाच बसतो. पंखा किंवा पंप बंद असेल तर आणखी वाईट. शाफ्ट एकमेकांना चिकटवून जाळीत भरले तर मधल्यांना तेल लागतच नाही. भट्टीचं दार उघडून तेलापर्यंत जाताना क्रेन अडकली तर बाहेरचा थर आधीच ७५० च्या खाली आलेला असतो. आणि सर्वांत साधं कारण: माल पुरता तापलाच नव्हता. पडद्यावर ८५० दिसतं ते थर्मोकपलचं तापमान. ढिगाच्या मधल्या ९० मिलिमीटरच्या शाफ्टच्या पोटात ते पोचायला बराच वेळ लागतो. सर्वसाधारणपणे २५ मिलिमीटर जाडीला एक तास धरतात, तोही माल भट्टीच्या तापमानाला आल्यापासून. भट्टीत टाकल्यापासून मोजलात तर कमी पडतो.

मग मटेरियलची निवड. ९० मिलिमीटरच्या शाफ्टला ईएन १९ मागवलं आणि मध्यापर्यंत मार्टेन्साइट हवं म्हटलं तर भट्टीवाला काही करू शकत नाही, तेलात ते होणार नाही. मध्यात खिचडी राहणारच. वाकण्याचा आणि पिळण्याचा ताण बाहेरच्या थरात जास्त असतो म्हणून अशा शाफ्टचं बऱ्याचदा निभावतं. पण बाहेरून चार-पाच मिलिमीटर टर्निंग करून माल काढला, तर सगळ्यात चांगला थर लेथच्या चिप्समध्ये गेला. म्हणून हार्डनिंगच्या आधी रफ टर्निंग करून थोडाच माल ठेवावा. भट्टीत द्यायचा काळा बार आणि नंतर तासायचा, हा क्रम उलटा आहे.

तपासायचं कसं? तुटलेल्या जागेपासून थोडं दूर, भरपूर कूलंट सोडून पट्टी-करवतीवर चकती कापून घ्या. काठापासून मध्यापर्यंत दर पाच मिलिमीटरला हार्डनेस घ्या. पूर्ण हार्डन-टेंपर झालेल्या मालात आकडा एक-दोन पॉइंटपेक्षा जास्त हलत नाही. मध्याकडे सरळ उतरत गेला तर उत्तर मिळालं. तेवढ्यानेही पटत नसेल तर काठ, अर्धी त्रिज्या आणि मध्य असे तीन नमुने घासून २ टक्के नायटलमध्ये (अल्कोहोलमधलं नायट्रिक आम्ल) बुडवा. टेंपर्ड मार्टेन्साइट एकसारखं गडद, बारीक सुयांचा माग असलेलं दिसतं. पांढरे फेराइटचे ठिपके किंवा जुन्या दाण्यांच्या कडेने पांढरी जाळी दिसली तर तो अर्धवटपणाचा पुरावा. भांडायला जायचं असेल तर हाच फोटो न्यावा.

पोर्टेबल टेस्टरच्या आकड्यावर भांडू नका, एवढंच मधे सांगतो. हलक्या किंवा नीट न टेकवलेल्या गोल मालावर तो मनाला येईल ते दाखवतो. आणि पृष्ठभागावर मारलेला एक पॉइंट कार्बन उडालेल्या थरावर पडला असेल तर चांगला माल नापास होतो. आधी अर्धा-एक मिलिमीटर घासा, मग मोजा.

दुसरा संशयित: टेंपरनंतर भट्टीतच राहिलेला चार्ज

काही शाफ्टमध्ये वरच्या सगळ्या चाचण्या पास होतात. काठापासून मध्यापर्यंत २९-३०-२९, सूक्ष्मदर्शकाखाली सुंदर टेंपर्ड मार्टेन्साइट, केमिस्ट्री ईएन २४ ची, टेंपर ६५०. आणि चार्पीचा हातोडा नमुन्यातून असा जातो जणू काही मधे नव्हतंच. मला विचाराल तर सगळ्यात फसवा प्रकार हाच, आणि दर सीझनला परत परत येणाऱ्या तक्रारींचं मूळ मला इथेच जास्त सापडतं.

याला टेंपर एम्ब्रिटलमेंट म्हणतात. पोलादात फॉस्फरस, कथील, अँटिमनी, आर्सेनिक हे सूक्ष्म प्रमाणात असतात. साधारण ५७५ ते ३७५ अंशांच्या टप्प्यात माल जास्त वेळ राहिला, तर हे अणू हळूहळू सरकून मूळ ऑस्टेनाइटच्या दाण्यांच्या सीमांवर जमा होतात. दाणे आतून तितकेच मजबूत राहतात, म्हणून हार्डनेस बदलत नाही, ताणाची ताकदही बदलत नाही. पण सीमा कमकुवत होतात. विटा पक्क्या आणि मधला सांधा भुसभुशीत अशा भिंतीला धक्का दिला तर ती विटेतून फुटत नाही, सांध्यातून उकलते. तसंच हे पोलाद दाण्यांच्या कडेकडेने उकलतं, आणि म्हणून तोंड चमकदार दाणेदार दिसतं. निकेल, क्रोमियम आणि मँगनीज एकत्र असले की हा त्रास वाढतो. मॉलिब्डेनम त्याला आवर घालतो, म्हणूनच ईएन २४ मध्ये तो मुद्दाम घातलेला असतो, पण तो पूर्ण अटकाव करत नाही. भंगार वितळवून केलेल्या स्टीलमध्ये कथील-अँटिमनी किती आहे हे नेहमीच्या टीसीवर छापलेलंच नसतं.

माल त्या टप्प्यात जास्त वेळ राहतो कसा? ६५० ला टेंपर करून सोक (त्या तापमानाला ठेवायचा वेळ) संपला की संध्याकाळची शिफ्ट संपलेली असते. 'सकाळी काढू' म्हणून भट्टी बंद करून दार न उघडता घरी. विटांची भट्टी रात्रभर सावकाश उतरते, आणि ५७५ ते ३७५ हा प्रवास काही मिनिटांऐवजी कित्येक तासांचा होतो. दुसरं, लाईट जाते. ऐन टेंपरमध्ये लाईट गेली की माल काढायला क्रेनही नसते. लाईट आली की भट्टी परत चढवली जाते, आणि कागदावर त्याची नोंद 'टेंपर ६५०, वेळ पूर्ण' एवढीच. चढवून नंतर नीट काढला तर एकवेळ चालेल, पण बरेचदा तो तसाच भट्टीत उतरू दिलेला असतो. तिसरं, माल बाहेर काढतात पण जाळीतल्या जाळीत ढीग करून ठेवतात. ढिगाचं पोट तासन्‌तास गरम राहतं. 'टेंपरनंतर कसाही थंड झाला तरी चालतं' ही समजूत कार्बन स्टीलपुरती ठीक आहे. मिश्र पोलादाला ती लागू नाही.

हे काही आपल्याकडचंच नाही. इंग्लंडमधल्या हिंकले पॉइंट ए अणुवीज केंद्रात सप्टेंबर १९६९ मध्ये टर्बाइनची डिस्क फुटली. वेग नेहमीच्या ३००० फेऱ्यांपेक्षा थोडाच वर, सुमारे ३२०० होता. ती डिस्क क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाची होती, टेंपरनंतर सावकाश थंड झाल्यामुळे ठिसूळ झालेली, आणि की-वेपाशी गंजातून पडलेला जेमतेम दीड-दोन मिलिमीटर खोलीचा तडा तिला पुरला. की-वे तिथेही होताच.

शाफ्टच्या बाबतीत याची खातरजमा करायला महाग उपकरणं लागत नाहीत. तुटलेल्या शाफ्टमधून चार्पीचे सहा नमुने काढा. तीन तसेच ठेवा. उरलेले तीन ६२० अंशांना तासभर ठेवून लगेच तेलात किंवा पाण्यात थंड करा. सहाही फोडा. हार्डनेस होती तेवढीच राहून दुसऱ्या तिघांचे ज्यूल दुप्पट-तिप्पट झाले, तर निदान पक्कं. हा दोष उलटवता येतो, ही त्यातली चांगली बाब: ६०० च्या वर नेलं की सीमेवर जमलेले अणू परत पांगतात, आणि वेगाने खाली आणलं तर त्यांना पुन्हा जमायला वेळ मिळत नाही. एक अट आहे. ही चाचणी ६५० च्या आसपास टेंपर झालेल्या मालावरच करा. ५४० ला जुळवलेल्या अर्धवट मालाला ६२० दाखवलं तर हार्डनेस उतरेल आणि ज्यूल वाढतील ते त्यामुळेच, आणि तुम्ही भलताच निष्कर्ष काढाल. म्हणून पहिला संशयित आधी निकालात काढायचा.

चार्पी २७ अंशांना घेतली आणि बरी आली तरी लगेच हुरळू नका. हा दोष चिवट ते ठिसूळ बदलण्याचं तापमान वर ढकलतो. दुपारी तग धरणारा शाफ्ट जानेवारीतल्या पहाटे, बारा-चौदा अंशांना बंद मिल सुरू करताना, कडकन जाऊ शकतो. शंका असेल तर नमुने बर्फाच्या पाण्यात ठेवून शून्य अंशाला फोडून बघा.

बाकीचे किरकोळ

२५० ते ४०० अंशांमधला टेंपर मिश्र पोलादाला शक्यतो देऊ नये. तिथे दुसऱ्याच प्रकारचा ठिसूळपणा येतो आणि तो उलटवता येत नाही, परत हार्डन करूनच जातो. शाफ्टमध्ये हा प्रश्न येत नाही, कारण आपण त्याच्या खूप वर असतो. पण 'थोडी जास्त कडक हवी' म्हणून ४५ एचआरसी मागणाऱ्या पिनांमध्ये आणि चाकूंमध्ये येतो. भट्टी फार वर गेली तर दाणे मोठे होतात, आणि मोठे दाणे म्हणजे कमी चिवटपणा. थर्मोकपल वर्षानुवर्षं न तपासणाऱ्यांकडे हे दिसतं. तेलातून काढलेला माल टेंपरविना रात्रभर पडून राहिला तर की-वेच्या कोपऱ्यातून तडे जातात. ६०-७० अंश झाला की थेट टेंपरच्या भट्टीत. स्पार्क टेस्टवर (ग्राइंडरच्या ठिणग्या बघून) निकेल ओळखता येतो असं छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. स्पेक्ट्रोला (केमिस्ट्री मोजणाऱ्या मशीनला) द्या, खर्च शाफ्टच्या मानाने काहीच नाही.

चलनावर काय लिहायचं

आपल्याकडे जॉबवर्कचं चलन म्हणजे 'हार्डन-टेंपर, २८-३२' एवढंच. यात भट्टीवाल्याला सगळी मोकळीक आहे. त्याऐवजी असं लिहा: तेलातून काढल्यावर हार्डनेस किमान ५० एचआरसी आणि ती नोंद रिपोर्टवर हवी, टेंपर ईएन २४ ला ६२० च्या खाली नको, टेंपरनंतर भट्टीबाहेर काढून सुटं पसरून थंड करणे, ८० मिलिमीटरच्या वरचा माल टेंपरनंतर तेलात थंड करणे, तापमानाचा आलेख सोबत. आणि प्रत्येक लॉटबरोबर त्याच हीट नंबरच्या (पोलादाच्या एकाच वितळणीच्या) बारचा, शाफ्टच्याच व्यासाचा एक तुकडा चार्जमध्ये जाऊ द्या. तोच तुकडा कापून चकती आणि चार्पी बघता येते, शाफ्टला हात लावावा लागत नाही. भट्टीवाला दर वाढवून मागेल. मागू द्या, बोलून ठरवा. लाईट गेल्याची नोंद आलेखात स्वच्छ दिसते, हा आलेख मागण्याचा खरा फायदा. पंचवीस वर्षं भट्टी चालवणारा माणूस आलेख बघायची गरज नाही म्हणतो, पण रात्री अडीचला भट्टी उतरली तेव्हा तो घरी झोपलेला असतो.

लॉटमधले उरलेले शाफ्ट

एक तुटला, आठ कारखान्यात फिरताहेत आणि चार गोडाऊनला आहेत, त्यांचं काय? निदान टेंपर एम्ब्रिटलमेंटचं असेल तर गोडाऊनमधले चार वाचतात. ६२० ते ६३० ला परत टेंपर, जाडीनुसार सोक, आणि लगेच बाहेर काढून तेलात. फिनिश ग्राइंडिंग झालेलं असेल तर सीटवर पपडी येईल आणि थोडं वाकेल, म्हणून परत ग्राइंडिंग करायला माल शिल्लक आहे का ते आधी मोजा. नसेल तर सील्ड क्वेंच किंवा व्हॅक्यूमवाल्याला (हवा लागू न देता तापवणाऱ्याला) विचारा. वाकलेला शाफ्ट प्रेसखाली थंड सरळ करू नका, टेंपरच्या गरमीत करा. निदान अर्धवट हार्डनिंगचं असेल तर परत टेंपर करून काही मिळत नाही. नॉर्मलाइझ करून हार्डनिंगपासून सगळं पुन्हा, आणि मग व्यासात माल शिल्लक नसतोच बहुतेक. कारखान्यात फिरणारे आठ येत्या क्लीनिंगच्या दिवशी उतरवून की-वे आणि पायऱ्यांवर डाय पेनिट्रंट (तडा दाखवणारा रंग) मारून घ्या. तडा दिसला तर तिथेच थांबा, न दिसला तरी सीझन संपल्यावर पहिलं काम हे.